शर्यत तिथे नसतेच: जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना खुले पत्र

जीवशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

मी एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे वंध्यत्वावरच्या उपचारांत शरीराबाहेर स्त्रीबीज फळवून भ्रूण सांभाळणारी. गेली एकोणीस वर्षे माझा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली स्त्रीबीजे शोधण्यात आणि आदल्या दिवशीच्या बीजांपैकी किती फळली हे पाहण्यात जातो. हे पत्र आधी मी तुमच्यातल्याच एका मंडळाला खासगीत पाठवले होते. फलनाच्या धड्यातल्या चुका एकेक करून लिहिल्या होत्या आणि प्रत्येक चुकीखाली दुरुस्त वाक्यही दिले होते. दोन ओळींचे उत्तर आले: विद्यार्थ्यांची पातळी पाहून आशय सोपा ठेवला आहे, सूचनांची नोंद घेतली आहे. त्यानंतर सुधारित आवृत्ती आली. आकृत्या रंगीत झाल्या, कागद चांगला झाला, परिच्छेद मात्र शब्दशः तोच राहिला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

परिच्छेद कोणता, हे वाचणाऱ्यांनाही कळायला हवे. मी आजवर चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत तो थोड्याफार फरकाने असाच असतो. कोट्यवधी शुक्राणूंमध्ये स्त्रीबीजाकडे जाण्याची शर्यत लागते. सर्वांत वेगवान आणि सशक्त शुक्राणू जिंकतो. तो स्त्रीबीजाचे आवरण भेदून आत शिरतो. दोघांची केंद्रके एक होतात आणि नवा जीव सुरू होतो. चार वाक्ये आहेत आणि चारांतले एकही धड बरोबर नाही.

शाळेतल्या चार ओळींसाठी एवढे कशाला, असे तुम्हाला वाटेल. त्या ओळी पुढे कुठे जातात ते मी रोज पाहते, म्हणून सांगते.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ वीर्यतपासणीचा अहवाल घेऊन माझ्यासमोर बसले होते. घडी घालून घालून कागद कोपऱ्यांत विरला होता. म्हणाले, "मॅडम, छप्पन्न वेळा वाचलाय. शंभरातले पंच्याण्णव शुक्राणू वाकड्या आकाराचे. म्हणजे माझ्यातच दम नाही ना?" शेजारी बसलेली पत्नी खाली बघत होती. मी त्यांना सांगितले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात सुघड आकाराच्या शुक्राणूंची खालची मर्यादाच ४ टक्के आहे. म्हणजे मूल झालेल्या पुरुषांमध्येही बहुतेक शुक्राणू आकाराने बेढब असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांचे ५ टक्के होते. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "शाळेपासून डोक्यात बसलंय, जो पहिला पोचतो तो जिंकतो. माझा कोणी पोचतच नाही, असं वाटायचं." त्यांच्या पत्नीच्या बीजवाहिन्या दोन्हीकडून बंद होत्या. जगातला कुठलाही शुक्राणू तिथून पलीकडे गेला नसता. तरी तीन वर्षे तो माणूस स्वतःला हरलेला समजत होता.

ही लाज त्यांना कोणी नातेवाइकाने शिकवलेली नाही. ती पुस्तकातून आलेली आहे.

पहिली तक्रार शर्यतीबद्दल.

वीर्यातून नुकताच बाहेर पडलेला शुक्राणू स्त्रीबीज फळवूच शकत नाही. हे १९५१ साली एम. सी. चँग आणि कॉलिन ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. स्त्रीच्या जननमार्गात काही तास काढल्यावर शुक्राणूच्या पटलात बदल होतात आणि मगच तो त्या कामाला लायक होतो. चुटकीसरशी पोचलेला शुक्राणू कच्चाच असतो. त्या मार्गातले अंतर तरी तो एकटा कुठे तोडतो? गर्भाशयाच्या स्नायूंच्या लाटा त्याला वर नेतात. गर्भाशयमुखाशी ठेवलेले, पोहण्याची ताकद नसलेले सूक्ष्म कणसुद्धा काही मिनिटांत बीजवाहिनीपर्यंत गेलेले दिसले आहेत, आणि तेही अधिक करून त्या बाजूला जिथे स्त्रीबीज पिकत असते. कोट्यवधींतले काही शेच तिथवर जातात हे खरे. पण बाकीचे हळू होते म्हणून मागे राहिले असे नाही. बरेचसे बाहेरच वाहून जातात, काही गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात अडकतात, काहींना पांढऱ्या पेशी गिळतात.

पुढचा भाग तर शर्यतीच्या अगदी उलटा आहे. अनेक सस्तन प्राण्यांमध्ये शुक्राणू बीजवाहिनीच्या सुरुवातीच्या अरुंद भागात भिंतीला चिकटून थांबतात आणि थोडे थोडे सुटून पुढे जातात. माणसाचा शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतो. बाहेर पडलेले स्त्रीबीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास. म्हणूनच गर्भ राहू शकतो असे दिवस बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि बीज सुटण्याचा एक. जो आधी येऊन थांबला, टिकला आणि योग्य वेळी तयार झाला, त्याची पाळी येते. याला तुम्ही शर्यत कसे म्हणता?

आणि माझ्या टेबलावर येऊन बघा. १९९२ साली ब्रुसेल्समधून जियानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. एक शुक्राणू सुईत घ्यायचा आणि थेट स्त्रीबीजात सोडायचा. चिकट द्रावणात संथ झालेल्या शुक्राणूंतून एक मी नजरेने निवडते. मग त्याची शेपटी सुईच्या टोकाने काचेवर दाबून मुद्दाम निकामी करते, कारण वळवळता शुक्राणू आत सोडायचा नसतो. कधी कधी तर तो शस्त्रक्रियेने थेट वृषणातून काढलेला असतो, आयुष्यात कधी धड पोहलेलाच नसतो. अशा शुक्राणूंपासून जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप होण्याच्या वयाची आहेत. तीही तुमचे हेच पुस्तक वाचून मोठी झाली, "सर्वांत वेगवान शुक्राणू जिंकतो" हे वाक्य पाठ करून.

दुसरी तक्रार स्त्रीबीजाला तुम्ही दिलेल्या जागेबद्दल, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते.

तुमच्या आकृतीत स्त्रीबीज म्हणजे मधोमध काढलेला एक गोल. भोवती बाण. बाणांना नावे आहेत, क्रिया आहेत. गोलाला फक्त आवरण आहे. खरे स्त्रीबीज शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक, मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढे. अंडाशयातून काढलेला उबदार द्रव ताटलीत ओतला की आधी त्याच्याभोवतीच्या पेशींचा पारदर्शक, लिबलिबीत ढग दिसतो आणि त्याच्या पोटात ते. हा ढग गप्प बसलेला नसतो. त्यातल्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. ते लागताच माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शियमची दारे उघडतात आणि तिचे हेलकावे बदलतात. या दारांना कॅटस्पर म्हणतात, ती २००१ साली सापडली. २०२० साली तर असेही दिसले, की बीजाभोवतीचा द्रव सगळ्या पुरुषांच्या शुक्राणूंना सारखाच ओढून घेत नाही. एकीचा द्रव एकाच्या शुक्राणूंना जास्त ओढतो, दुसरीचा दुसऱ्याच्या.

मग येते आवरण "भेदण्याची" गोष्ट. भेदणे, फोडणे, शिरणे, जिंकणे: हे शब्द लढाईचे आहेत आणि तिथे लढाई नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी शुक्राणूवरचे एक प्रथिन शोधले आणि विवाहाशी नाते सांगणाऱ्या तिथल्या एका देवस्थानावरून त्याला इझुमो हे नाव दिले. ते प्रथिन नसलेल्या उंदरांचे शुक्राणू उत्तम पोहत होते, आवरणही पार करत होते. पण बीजाला जाऊन टेकल्यावर पुढे काहीच होत नव्हते. वेग होता, ताकद होती, फलन नव्हते. इझुमोला धरणारे स्त्रीबीजावरचे प्रथिन २०१४ साली सापडले, त्याचे नाव जूनो. ते नसलेल्या उंदरीणींनाही पिल्ले होईनात. दोन्ही बाजूंनी एकमेकांना धरावे लागते, हे एवढे साधे वाक्य आठवीच्या मुलाला जड जाईल असे मला वाटत नाही.

शुक्राणू एकरूप झाल्यावर पुढची सूत्रे स्त्रीबीजाकडे जातात. अर्ध्यापाऊण तासात ते आपल्या पृष्ठभागावरचे जूनो टाकून देते. कडेच्या कणिकांतली विकरे बाहेर सोडून आवरण असे बदलते, की दुसरा शुक्राणू आत येऊ नये. जस्ताचे अणू झोतासारखे बाहेर पडतात. मग ते आपले अर्धवट राहिलेले विभाजन पुरे करते, कारण शुक्राणू येईपर्यंत ते विभाजन मुद्दाम थांबवून ठेवलेले असते. शुक्राणूचा घट्ट वळलेला डीएनए उलगडते, त्यातले काही तुटके धागे दुरुस्तही करते. माणसाच्या भ्रूणाची स्वतःची जनुके नीट कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. तोवर पहिले दोन-तीन दिवस सगळा संसार स्त्रीबीजाने साठवलेल्या शिदोरीवर चालतो. यातले एक अक्षरही तुमच्या परिच्छेदात नाही.

शुक्राणूचे श्रेय मला कमी करायचे नाही. स्त्रीबीजाला जागे करणारे प्रथिन तोच आणतो, पीएलसी-झीटा, हे २००२ साली कळले. त्याने कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि तासन्‌तास उठत राहतात. काही पुरुषांच्या शुक्राणूत ते पुरेसे नसते. बाहेरून सगळे ठीक दिसते आणि इक्सी करूनही एकही बीज फळत नाही. माणसात पहिल्या विभाजनासाठी लागणारे तारककेंद्रही शुक्राणूकडून येते. हेही तुम्ही लिहीत नाही. शर्यतीच्या नादात शुक्राणूचे खरे कामच पुस्तकातून गळून गेले आहे.

तिसरी तक्रार लहान, पण सरळ चुकीबद्दल. "दोन्ही केंद्रके एक होतात" हे समुद्री साळिंदरात खरे आहे. १८७५च्या सुमारास ऑस्कर हर्टविगने ते त्याच प्राण्यात पाहिले होते. सस्तन प्राण्यांत तसे होत नाही. बीज फळल्यावर १६ ते १८ तासांनी मी पाहते तेव्हा दोन वाटोळी प्राक्-केंद्रके, म्हणजे एक स्त्रीबीजाचे आणि एक शुक्राणूचे केंद्रक, शेजारी शेजारी टेकलेली असतात. आत छोटे ठिपके एकमेकांसमोर रांगेत आलेले. ती एक होत नाहीत. त्यांची पटले विरघळतात आणि दोघांची गुणसूत्रे पहिल्या विभाजनासाठी मांडली जातात. उंदराच्या भ्रूणात तर २०१८ साली दिसले, की सुरुवातीला आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांसाठी दोन वेगळ्या तर्कू, म्हणजे गुणसूत्रे ओढून वाटणाऱ्या तंतूंच्या रचना, तयार होतात. हे बदलायला तुम्हाला एक ओळ पुरेल.

चौथी तक्रार तुम्ही गाळलेल्या गोष्टींबद्दल. स्त्रीच्या वयाचा उल्लेख असलाच तर "वयानुसार प्रजननक्षमता कमी होते" एवढाच. का, ते नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मताना १० ते २० लाख, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि त्यांतल्या साऱ्या आयुष्यात फार तर ४०० ते ५०० बाहेर पडतात. गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारे प्रथिनांचे बंध जन्माआधीच घातले जातात. चाळिशीतल्या स्त्रीचे बीज पिकते तेव्हा तो बंध चाळीस वर्षांहून जुना असतो. तो सैल झाला की गुणसूत्रे चुकीची वाटली जातात. मग गर्भ राहत नाही किंवा पडतो. माझ्यासमोर बसलेल्या बायका विचारतात, "मी काय चुकीचं खाल्लं? जास्त दगदग केली का?" हा एक परिच्छेद शाळेत वाचला असता, तर तो प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे पोखरत राहिला नसता.

पुरुषाबद्दल तर काहीच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा पत्नीच्या कारणासोबत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून मोठ्या तापाचा परिणाम तपासणीत नंतर दिसतो. शरीर कमावण्यासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले तर शुक्राणू बनणे थांबू शकते. पंचविशीतली पिळदार दंडांची मुले शून्य संख्येचा अहवाल हातात घेऊन माझ्यासमोर येतात. त्यांनी कुठे वाचायचे होते हे?

पाचवी तक्रार आयव्हीएफच्या चौकटीबद्दल. "परीक्षानळीत गर्भ वाढवून गर्भाशयात सोडतात, पहिले बाळ लुईस ब्राउन, २५ जुलै १९७८." संपले. परीक्षानळी तिथे कधीच नव्हती, ताटली असते. आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या म्हणून हा मार्ग धरला, हे कारण नाही. हे तंत्र घडवणाऱ्या रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांची नावे कधी असतात, तिसरे नसतेच. भ्रूणे सांभाळणाऱ्या आणि ते भ्रूण वाढताना पाहणाऱ्या जीन पर्डी १९८५ साली, चाळिशीही न गाठता वारल्या. आपल्याइतकाच तिचाही वाटा होता, असे एडवर्ड्‌स स्वतः सांगत राहिले. मी जे काम करते ते करणारी ती जगातली पहिली बाई, म्हणून हे मला जवळचे आहे.

आणि त्या चौकटीत अपयश नाही. इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे या तिघांनी केलेल्या त्या प्रयत्नांत १९७८ पर्यंत २८२ स्त्रियांनी भाग घेतला. मुले झाली दोन. आजही साधारण चित्र असे: दहा बीजे मिळाली तर आठ पक्व असतात, पाच-सहा फळतात, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात रुजण्याच्या तयारीतल्या भ्रूणाच्या टप्प्यापर्यंत, दोन-तीन पोचतात, आणि त्यांतलेही प्रत्येक रुजतेच असे नाही. सकाळी फोन करून मी आकडा सांगते तेव्हा पलीकडे एकदम शांतता पसरते. "दहा होती ना हो? बाकीची कुठे गेली?" ही गळती नैसर्गिक गर्भधारणेतही होते, फक्त तिथे कोणी मोजायला बसलेले नसते. हे लोकांना पहिल्यांदा माझ्या तोंडून, फोनवर, अशा वेळी कळावे, हे बरोबर नाही.

"पातळी लक्षात घेऊन सोपे केले" या तुमच्या उत्तराबद्दलही बोलते. सोपे करणे म्हणजे काही गोष्टी वगळणे. तुम्ही वगळून थांबला नाहीत, जे घडतच नाही ते घातलेत. "शुक्राणू आणि स्त्रीबीज एकमेकांना ओळखतात, धरतात आणि एक पेशी होतात" हे वाक्य तुमच्या वाक्यापेक्षा सोपे आहे आणि खरेही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शर्यत, विजेता, भेदणे ही भाषा धड्यातून, आकृत्यांतून आणि स्वाध्यायातूनही काढा. "कोणता शुक्राणू यशस्वी होतो? का?" हा प्रश्न मी स्वतः पाहिलेला आहे, तो आधी काढा.

शुक्राणूला स्त्रीच्या शरीरात मिळणारी क्षमता आणि फलनातली स्त्रीबीजाची कामे, दोन्ही लिहा. प्रथिनांची नावे वरच्या इयत्तांसाठी ठेवा, घटना खालच्या इयत्तेपासून सांगा.

केंद्रकांबद्दलचे वाक्य दुरुस्त करा.

वंध्यत्वावर एक पान द्या: वय, बंद बीजवाहिन्या, पुरुषाकडची कारणे, टेस्टोस्टेरॉन. त्यात "दोष" हा शब्द नको.

आयव्हीएफ आणि इक्सी यांतला फरक सांगा, टप्प्याटप्प्यावर होणारी गळती आकड्यांसह दाखवा, आणि जीन पर्डी यांचे नाव लिहा.

हा धडा छापण्याआधी रोज स्त्रीबीज पाहणाऱ्या निदान एका माणसाला तो वाचायला द्या. मी विनामोबदला वाचेन. मी नको असेन तर दुसऱ्या कोणाला द्या.

नवी आवृत्ती निघायला वर्षे लागतील, हे मला समजते. म्हणून तोवर शिक्षकांसाठी एका पानाचे शुद्धिपत्रक काढा. त्याचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. प्राक्-केंद्रकांचे, ढगासकट दिसणाऱ्या स्त्रीबीजाचे आणि पाचव्या दिवसाच्या भ्रूणाचे फोटोही आहेत, सर्व ओळख काढलेले आणि संबंधितांच्या लेखी परवानगीचे. कोणाकडे पाठवायचे, तेवढे कळवा.

आपली नम्र,
एक एम्ब्रियोलॉजिस्ट